घरच्या लिनक्स लॅपटॉपची राखण: आईच्या मशीनवर मी काय काय करून ठेवलंय

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि त्याच्या आगेमागे आमच्या नात्यात-शेजारात मिळून पाच जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. आईचा, मावशीचा, दोन मामेभावंडांचे आणि शेजारच्या काकांचा. पाचही मस्त चालू आहेत, चार जीबी रॅमवाला पण. पण प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, की आता व्हायरसचं टेन्शन गेलं ना? आणि मी प्रत्येकाला सांगितलं की कमी झालं, गेलं नाही. हा लेख त्या उत्तराचा पुढचा भाग समजा.

लिनक्सबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, की रूटच्या, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या, पासवर्डशिवाय कोणी सिस्टीमला हात लावू शकत नाही. हे खरंच आहे. पण सिस्टीम म्हणजे काय? ती मी अर्ध्या तासात पेन ड्राइव्हवरून परत टाकू शकते, फुकट. जे परत मिळणार नाही ते सगळं होम फोल्डरमध्ये असतं. लग्नाचे फोटो, आधार-पॅनचे स्कॅन, सातबाऱ्याच्या पीडीएफ, आणि फायरफॉक्सचं प्रोफाइल, ज्यात तुमचे सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिन होऊन बसलेला जीमेल असतो. हे सगळं वाचायला, पाठवायला, पुसायला रूट लागतच नाही! तुमच्या नावाने चाललेला कुठलाही प्रोग्रॅम ते करू शकतो. म्हणून खाली जे काही सांगतेय ते या होम फोल्डरला मध्ये ठेवून सांगतेय.

मी लिनक्स मिंट २२ धरून लिहितेय, उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर जवळपास तसंच आहे, फेडोरा किंवा डेबियन या आणखी लिनक्सवर जिथे वेगळं आहे तिथे सांगेन. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत आणि लहान अक्षरांत करायच्या.

सुरुवात डाउनलोडपासूनच

२० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटची स्वतःची वेबसाइट हॅक झाली होती. हल्लेखोरांनी १७.३ सिनॅमनची डाउनलोड लिंक बदलून स्वतःच्या आयएसओकडे (इन्स्टॉल करायच्या फाइलकडे) वळवली आणि त्या आयएसओत बॅकडोअर, म्हणजे मशीनमध्ये शिरायचा चोरदरवाजा, भरलेला होता. म्हणजे लोकांनी अधिकृत साइटवरूनच घेतलं, काही चूक केली नाही, तरी फसले. मिंटवाल्यांनी ते लगेच जाहीर केलं हे त्यांचं कौतुकच. आणि हे फक्त जुनं झालं असंही नाही, ऑक्टोबर २०२५ मध्ये झुबुंटू या उबुंटूच्या भावंडाच्या साइटवर टोरंटच्या लिंकमागे एक झिप ठेवलेली सापडली, त्यात विंडोजवर चालणारी डॉट ईएक्सई फाइल होती, विंडोज सोडून लिनक्सकडे यायला निघालेल्या लोकांसाठीच लावलेला सापळा.

म्हणून आयएसओ उतरवली की तिचा एसएचए२५६ चा आकडा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, जुळवून बघा. आधीच मिंट असलेल्या मशीनवर असाल तर आयएसओवर राइट क्लिक करून व्हेरिफाय निवडा, ते आकडा आणि सही दोन्ही तपासतं. विंडोजवरून करत असाल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून सर्टयूटिल, स्पेस, डॅश हॅशफाइल, मग फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ एवढं टाइप केलं की लांबलचक आकडा येतो, तो साइटवरच्या आकड्याशी ताडून बघायचा. आता चाणाक्ष माणूस विचारेल की साइटच हॅक झाली असेल तर आकडा पण बदलला असेल ना? बरोबर. म्हणूनच जीपीजी सहीची (डिजिटल सहीची) फाइल वेगळी देतात, ती डेव्हलपरच्या खासगी किल्लीशिवाय बनत नाही. पहिल्यांदा लिनक्स टाकणाऱ्याला सही तपासणं जड जातं हे मला माहितेय, तर निदान आकडा तरी साइटवरून आणि एखाद्या वेगळ्या मिररवरून (त्याच फाइल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून) असा दोन ठिकाणांहून बघा. सगळं मिळून पाच मिनिटं जातात.

इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करा, नंतर सहज जमत नाही

माझ्या मामेभावाची बॅग गावाला जाताना प्रवासात गेली, लॅपटॉपसकट. लॉगिनला पासवर्ड होता म्हणून तो तसा निवांत होता. मला त्याला सांगावं लागलं की बाबा, चोराने लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावला की तुझी डिस्क उघड्या कपाटासारखी दिसते, लॉगिनचा पासवर्ड मध्ये येतच नाही. उबुंटू किंवा मिंटच्या बूट मेनूतल्या रिकव्हरी मोडमधून तर पासवर्डशिवाय रूट शेल (रूट म्हणून कमांड द्यायची जागा) पण मिळतं. त्याच्या डिस्कवर बायकोच्या मेडिकल रिपोर्टपासून घराच्या करारापर्यंत सगळं होतं. त्यानंतर मी एकही लॅपटॉप एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे डिस्कला पासवर्डचं कुलूप न लावता, तयार करून दिलेला नाही.

मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये जिथे अख्खी डिस्क पुसून इन्स्टॉल करायचा पर्याय येतो तिथे खाली अॅडव्हान्स्ड फीचर्स नावाचं बटण आहे, लोक ते बघतच नाहीत. त्यात एलव्हीएम निवडायचं आणि त्याच्या खालची एन्क्रिप्टची चौकट टिक करायची. पुढच्या स्क्रीनवर सिक्युरिटी की विचारतो, हा पासवर्ड दर वेळी मशीन चालू करताना, लॉगिनच्याही आधी लागणार. हा विसरलात तर डेटा गेला, मी काय नि कंपनी काय, कोणीही काढू शकत नाही. त्यामुळे तो कागदावर लिहून कपाटात, दागिने ठेवता तिथे ठेवा. कागदावर लिहू नये असं म्हणतात ते ऑफिसच्या टेबलासाठी, घरच्या तिजोरीसाठी नाही.

विंडोजच्या शेजारी ड्युअल बूट करणार असाल तर हा सोपा पर्याय मिळत नाही. तेव्हा निदान युजर बनवायच्या स्क्रीनवर होम फोल्डर एन्क्रिप्ट करायची जी चौकट मिंट देतं ती टिक करा. पूर्ण डिस्कइतकं पक्कं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं.

आता आपल्या लोकांसाठी खास सूचना. इन्स्टॉल करताना भाषा मराठी घ्या, खुशाल घ्या, पण कीबोर्डचा लेआउट इंग्लिश यूएसच ठेवा आणि मराठी टायपिंग नंतर सेटिंगमधून जोडा. बूटच्या वेळी पासवर्ड विचारणारी स्क्रीन अगदी साधी असते, तिथे लेआउट बदलायची सोय धरून चालू नका, आणि पासवर्ड इंग्रजी अक्षरांत, कीबोर्ड देवनागरीत असं झालं तर तुम्ही बरोबर टाइप करत राहणार आणि मशीन चूक म्हणत राहणार. मावशीच्या लॉगिनला हेच झालं होतं, तिने मराठीत पत्र लिहिलं, स्क्रीन लॉक झाली, आणि मग अर्धा तास पासवर्ड चुकतोय म्हणून मला फोन. कोपऱ्यातल्या चिन्हावरून लेआउट बदलला आणि उघडलं.

पासवर्डसाठी मी घरच्यांना चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगते. उंबरठा, तवा, पोपट, गिरणी असे काहीही, मध्ये डॅश. (हेच चार घेऊ नका!) मुलाचं नाव आणि जन्मसाल हे गल्लीतलं कोणीही ओळखतं.

अपडेट, आणि त्यात कंटाळा नको

वर मी म्हटलं की रूटशिवाय सिस्टीमला हात लागत नाही. तर जानेवारी २०२१ मध्ये खुद्द सुडो या, रूटचे अधिकार मिळवून देणाऱ्या प्रोग्रॅममध्येच एक चूक सापडली, जिचं नाव बॅरन सॅमेडिट पडलं. २०११ पासून ती तिथे होती, जवळजवळ दहा वर्षं, आणि तिच्यामुळे साधा युजर पासवर्ड न देता रूट होऊ शकत होता. वर्षभराने पीकेएक्सेक या तसल्याच प्रोग्रॅममध्ये तशीच दुसरी सापडली, ती तर २००९ पासूनची. दोन्हींचे पॅच जाहीर झाल्या झाल्या आले. ज्याने अपडेट केलं त्याचा विषय संपला, ज्याच्या ट्रेमधल्या ढालीच्या चिन्हावर महिनाभर ठिपका तसाच होता तो उघडा राहिला.

मिंटमध्ये अपडेट मॅनेजर उघडा, एडिटमधून प्रेफरन्सेस, तिथे ऑटोमेशन नावाचा टॅब आहे. अपडेट आपोआप लागू करा हे चालू करा, जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) काढून टाका हेही चालू करा, फ्लॅटपॅकसाठी (कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या अॅपच्या पॅकेजसाठी) वेगळं बटण आहे तेही. आईच्या मशीनवर हे तिन्ही चालू आहेत आणि तिला अपडेट हा शब्द ऐकावा लागत नाही. फक्त एक, कर्नलचं अपडेट मशीन रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही, आणि लॅपटॉपचं झाकण बंद करून उघडणं म्हणजे रीस्टार्ट नाही. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी, पूर्ण बंद करून चालू करायची सवय लावा.

व्हर्जनची मुदत पण बघून ठेवा. मिंट २० ची एप्रिल २०२५ मध्ये संपलीय, ते अजून वापरत असाल तर आजच बदलायला घ्या. मिंट २१ ला एप्रिल २०२७ पर्यंत आणि २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. उबुंटूची एलटीएस (लांब मुदतीची) आवृत्ती पाच वर्षं, आणि घरगुती वापरासाठी पाच मशीनपर्यंत उबुंटू प्रो फुकट आहे, त्याने मुदत दहा वर्षांवर जाते. फेडोराची एक आवृत्ती साधारण तेरा महिनेच टिकते, म्हणून आई-वडिलांच्या मशीनवर मी ते टाकत नाही.

अपडेट करा म्हणजे सगळ्यात ताजं, कालच आलेलं वापरा असा अर्थ काढू नका मात्र. मार्च २०२४ ची एक्सझेडची गोष्ट आठवतेय? एका माणसाने दोन-तीन वर्षं गोड बोलून, मदत करून एक्सझेड या छोट्याशा कॉम्प्रेशनच्या प्रोजेक्टचा विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर घुसवला. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (दुरून दुसऱ्या मशीनवर जायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, तो खोलात गेला आणि २९ मार्चला सगळं बाहेर आलं. डेबियनच्या टेस्टिंगमध्ये आणि फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत ते पोचलं होतं, पण डेबियन स्टेबल, उबुंटू एलटीएस, मिंट यांच्यापर्यंत आलंच नव्हतं. घरासाठी जुनाट वाटणारी स्टेबल आवृत्ती आणि तिचे सिक्युरिटी अपडेट वेळच्या वेळी, हे गणित बरोबर आहे.

दोन युजर बनवा

इन्स्टॉल करताना जो युजर बनतो तो अॅडमिनिस्ट्रेटर असतो, सुडो वापरू शकणारा. आईच्या लॅपटॉपवर तो मी माझ्यासाठी ठेवलाय आणि युजर्स अँड ग्रुप्समध्ये जाऊन तिच्यासाठी स्टँडर्ड प्रकारचा दुसरा बनवलाय. ती रोज त्याच्यातच असते. कोणी तिला फोनवर गोड बोलून पासवर्ड टाकायला लावला तरी सिस्टीममध्ये काही इन्स्टॉल होणार नाही. मुलांसाठीही तेच करा. पाहुणे आले की लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन चालू करता येतं, लॉगआउट केलं की त्यातलं सगळं पुसलं जातं. ऑटोमॅटिक लॉगिन मात्र बंद ठेवा, आणि जागेवरून उठताना कंट्रोल-ऑल्ट-एल दाबा.

तुम्ही स्वतः अॅडमिन असाल तर एकच नियम पाळा. पासवर्डची चौकट आली की हात थांबवायचा आणि स्वतःला विचारायचं, मी आत्ता असं काय केलं ज्यासाठी हा विचारतोय? उत्तर आलं तर द्या. नुसती वेबसाइट बघताना, पीडीएफ उघडताना, फोटो बघताना चौकट आली तर कॅन्सल.

पीडीएफ दिसते ती पीडीएफ असेलच असं नाही

हा भाग नीट वाचा, कारण हे आपल्याच देशात झालंय. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी एक हल्ला उघड केला, रोख होता भारत सरकारच्या लिनक्स मशीनवर, सीडॅकने बनवलेलं बॉस लिनक्स चालवणाऱ्यांवर. एपीटी३६ किंवा ट्रान्सपरंट ट्राइब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळीकडे बोट दाखवलं गेलं. मेलमधून झिप यायची, झिपमध्ये मीटिंगच्या पत्राच्या नावाची फाइल, शेवटी डॉट पीडीएफ आणि त्यापुढे डॉट डेस्कटॉप. डॉट डेस्कटॉप म्हणजे आपल्या मेनूत जे लाँचर असतात ती साधी टेक्स्ट फाइल, तिच्यात काय नाव दाखवायचं, कुठलं आयकॉन दाखवायचं आणि डबल क्लिक केल्यावर कुठली कमांड चालवायची हे लिहिलेलं असतं. आयकॉन पीडीएफचं लावलं की झालं. माणूस क्लिक करायचा, फायरफॉक्समध्ये खरंच एक पीडीएफ उघडायची म्हणजे संशय नको, आणि मागच्या मागे दुसराच प्रोग्रॅम उतरून चालू व्हायचा, शिवाय पुढच्या लॉगिनला आपोआप सुरू होईल अशी सोय करून ठेवायचा.

यात रूटचा पासवर्ड कुठे लागला? कुठेच नाही. सगळं त्या युजरच्या नावाने, त्याच्या होम फोल्डरमधून.

घरी काय करायचं ते सांगते. मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर झिप आली आणि आत एकच पीडीएफ असेल तर विचार करा, एका पीडीएफला झिप कशाला? झिपमधून फाइल काढली की डबल क्लिक करायच्या आधी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टाइप वाचा. पीडीएफ डॉक्युमेंट लिहिलेलं असेल तर ठीक, डेस्कटॉप कॉन्फिगरेशन फाइल, शेल स्क्रिप्ट किंवा एक्झिक्युटेबल असेल तर सरळ डिलीट. आणि फाइल मॅनेजरने हा लाँचर विश्वासाचा नाही, तरी चालवू का असं विचारलं तर नाही म्हणा. त्याशिवाय महिन्यातून एकदा मेनूतून स्टार्टअप अॅप्लिकेशन्स उघडून यादी बघा. पहिल्या दिवशी तिचा फोटो मोबाइलवर काढून ठेवलात तर नंतर नवीन काय घुसलंय ते लगेच कळतं. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडता येत असेल तर क्रॉनटॅब, स्पेस, डॅश एल ही, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी दाखवणारी कमांड पण टाका, साध्या घरगुती मशीनवर तिथे काहीच नसतं.

सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं

पहिलं आणि जवळजवळ शेवटचं उत्तर म्हणजे सॉफ्टवेअर मॅनेजर. विंडोजची सवय अशी असते की गूगलवर शोधा, पहिली लिंक उघडा, डाउनलोडचं हिरवं बटण दाबा. ती सवय इथे मोडावी लागते. डॉट डेब फाइल (मिंट-उबुंटूचं सॉफ्टवेअर पॅकेज) इन्स्टॉल करताना तिच्या आतल्या स्क्रिप्ट रूट म्हणून चालतात, म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देण्यासारखंच झालं. ब्राउझरसारख्या मोठ्या गोष्टी खुद्द बनवणाऱ्यांच्या साइटवरून घेतल्या तर हरकत नाही, त्या आपली रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचं कोठार) जोडतात आणि अपडेट मिळत राहतं.

फ्लॅटपॅक घेताना व्हेरिफाइड लिहिलंय का बघा, मिंट २२ ने व्हेरिफाय न झालेले मुळातच लपवून ठेवलेत आणि मला तो निर्णय एकदम पटला. स्नॅप या उबुंटूच्या पॅकेजच्या दुकानात खोटी क्रिप्टो वॉलेट सापडलीत आणि लोकांचे पैसे गेलेत, जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये (जिथे वापरणारेच पॅकेज टाकतात) फायरफॉक्सच्या नावाशी मिळतीजुळती पॅकेजेस टाकून त्यातून दूरवरून मशीन ताब्यात घेणारा प्रोग्रॅम पसरवला होता. दुकान लिनक्सचं आहे म्हणून माल आपोआप चांगला ठरत नाही. कोणी टाकलाय ते वाचायचं.

प्रिंटरसाठी तर शोधाशोध करूच नका. नवे वायफाय प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवाय चालतात, एचपीसाठी एचपीलिप रिपॉझिटरीत आहे, आधी लावून बघा.

आणि इंटरनेटवरून कॉपी केलेल्या कमांड. कर्लने सुरू होऊन पाइपच्या चिन्हापुढे बॅश किंवा एसएच असलेली ओळ म्हणजे तिकडून जे येईल ते न वाचता चालवा. अशी ओळ आधी टेक्स्ट एडिटरमध्ये पेस्ट करा, टर्मिनलमध्ये नको, कारण वेबपेजवर दिसतं एक आणि कॉपी होतं दुसरंच असं करता येतं. समजली नाही तर चालवू नका. एआयने दिलेली असली तरी हाच नियम.

वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा की विंडोजचा व्हायरस वाइनमध्ये चालू शकतो, आणि वाइन तुमची अख्खी डिस्क झेड ड्राइव्ह म्हणून त्याला दाखवतं. वाइनकॉन्फिगमध्ये ड्राइव्हजच्या टॅबवर जाऊन झेड काढून टाका. एखाद्याच सॉफ्टवेअरसाठी वाइन लागत असेल तर त्याच्यासाठी वेगळा युजर बनवा.

फायरवॉल, दोन मिनिटांचं काम

मिंटमध्ये फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत) असतो पण बंद. उबुंटूत पण. फेडोरात चालू येतो. मेनूत फायरवॉल शोधा, उघडा, प्रोफाइल होम ठेवा, इनकमिंग डिनाय, आउटगोइंग अलाउ, आणि स्टेटसचं बटण चालू. टर्मिनलमधून करायचं असेल तर सुडो यूएफडब्ल्यू एनेबल, बस.

घरी राउटर असताना कशाला, असं विचारतात. २६ सप्टेंबर २०२४ ला प्रिंटिंगच्या कप्स यंत्रणेतली चूक जाहीर झाली, कप्स-ब्राउझ्ड नावाची सर्व्हिस यूडीपी पोर्ट ६३१ वर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं दार) कोणाचंही ऐकत बसली होती आणि खोटा प्रिंटर जोडून, त्यावर प्रिंट दिली की, कमांड चालवता येत होती. हॉस्टेलच्या, कॅफेच्या, लग्नाच्या हॉलच्या वायफायवर तुमचा राउटर सोबत नसतो, फायरवॉल असतो.

काय ऐकत बसलंय ते बघायचं असेल तर सुडो, स्पेस, एसएस, स्पेस, डॅश टीयूएलपीएन. ज्या ओळीत पत्ता १२७ ने सुरू होतो ते फक्त मशीनच्या आतलं, काळजी नको. चार शून्यं किंवा तारा दिसला तर ते बाहेरच्यांनाही खुलं आहे. तिथे एसएसएचडी (दुरून लॉगिन करू देणारी सर्व्हिस) दिसलं आणि तुम्ही मुद्दाम लावलेलं नसेल तर ओपनएसएसएच सर्व्हर काढून टाका. लावलेलं असेल तर किल्लीने लॉगिन करा आणि पासवर्डने लॉगिन बंद करा.

फायरवॉल लावल्यावर वार्पिनेटर किंवा केडीई कनेक्ट ही दुसऱ्या मशीनला-मोबाइलला फाइल पाठवायची अॅप बंद पडली म्हणून अख्खा फायरवॉल काढणारे खूप भेटतात. वार्पिनेटरला ४२००० आणि ४२००१, केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४, एवढे पोर्ट खुले करा, बाकी भिंत राहू द्या.

राउटरचं एवढंच की केबलवाला किंवा फायबरवाला लावून जातो तेव्हा अॅडमिनचा पासवर्ड छापील तोच असतो. तो बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा.

ब्राउझर आणि बँक

बँकेची खोटी साइट तुम्ही लिनक्सवर उघडा की विंडोजवर, ओटीपी टाकलात की पैसे गेले. इथे ऑपरेटिंग सिस्टीम काहीच करू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून आपल्या बँका डॉट बँक डॉट इन या पत्त्यांवर आल्यात, तो पत्ता हाताने टाइप करून बुकमार्क करा आणि कायम बुकमार्कवरूनच जा, गूगलवर शोधून नाही, एसएमएसमधल्या लिंकवरून तर नाहीच.

फायरफॉक्समध्ये पासवर्ड सेव्ह करत असाल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, आणि तिथे प्रायमरी पासवर्ड चालू करा. तो नसेल तर तुमच्या युजरमध्ये बसलेला कोणीही सगळे पासवर्ड वाचू शकतो. मी स्वतः कीपासएक्ससी वापरते, ते सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आहे, सगळं एका कुलूपबंद फाइलमध्ये, इंटरनेटशी संबंध नाही. एक्स्टेंशन म्हणाल तर यूब्लॉक ओरिजिन आणि कीपासएक्ससीचं, बाकी काढा. खोट्या जाहिरातींवर क्लिक होणंच थांबतं म्हणून अॅडब्लॉकर हा माझ्या मते घरच्या ज्येष्ठांसाठी अँटीव्हायरसपेक्षा मोठा आधार आहे.

स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी, ताबा देणारी अॅप लिनक्सवर पण चालतात. बँकेतून, वीज कंपनीतून, पोलिसांतून बोलतोय म्हणून कोणीही ते टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा, उत्तरसुद्धा द्यायचं नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

पेन ड्राइव्ह आणि झेरॉक्सचं दुकान

प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह दिला की परत येताना त्यात फोल्डरच्या जागी शॉर्टकट झालेले असतात, हे आपल्याकडे कोणाला माहीत नाही? लिनक्सवर तो व्हायरस चालत नाही, पण तुम्ही तोच पेन ड्राइव्ह ताईच्या विंडोजला लावलात की तिच्याकडे गेला. क्लॅमएव्ही हा फुकट अँटीव्हायरस टाकून ठेवा आणि क्लॅमस्कॅन, डॅश आर, डॅश आय, पुढे पेन ड्राइव्हचा फोल्डर, असं चालवा. रात्रंदिवस चालणारा अँटीव्हायरस मी घरच्या लिनक्सवर टाकत नाही, चार जीबी रॅमवर तो झेपत नाही आणि वरच्या सवयींएवढा उपयोगही नाही. त्याहून बरं म्हणजे प्रिंटसाठी एक वेगळा रिकामा पेन ड्राइव्ह ठेवा, परत आला की फॉरमॅट.

बॅकअप

टाइमशिफ्ट चालू आहे म्हणजे बॅकअप आहे, असं मिंटवाले सर्रास समजतात. टाइमशिफ्ट सिस्टीमचे स्नॅपशॉट घेतं आणि होम फोल्डर मुळातच वगळतं. अपडेटने काही बिघडलं तर परत यायला ते उत्तम आहे, आठवड्याला दोन-तीन स्नॅपशॉट ठेवा. पण फोटो त्यात नाहीत.

फोटोंसाठी वेगळी बाहेरची हार्ड डिस्क घ्या. उबुंटूत बॅकअप्स नावाचं अॅप असतं, त्याचं खरं नाव देजा डूप, मिंटवर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेता येतं. ते उघडून होम फोल्डर निवडा, डाउनलोड्स आणि ट्रॅश वगळा, जागा म्हणून ती डिस्क द्या, आणि पासवर्डने एन्क्रिप्ट करायचं विचारलं की हो म्हणा, नाहीतर एन्क्रिप्ट केलेल्या लॅपटॉपची उघडी नक्कल कपाटात पडून राहील. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क होम फोल्डरइतकीच उघडी असते, जे एकाला पुसेल ते दुसऱ्यालाही पुसेल. अगदी महत्त्वाच्या कागदपत्रांची आणखी एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा, आमची मावशीकडे असते आणि तिची आमच्याकडे.

शेवटी एक काम राहतं, ते कोणी करत नाही. बॅकअप घेतल्यावर एखादा जुना फोटो निवडा, तो बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा आणि उघडून बघा. आईच्या डिस्कवर मी हे दर दिवाळीला आणि गुढीपाडव्याला करते. मागच्या वेळी फोटोंचं फोल्डर तिने दुसऱ्या पार्टिशनवर हलवलेलं निघालं, त्यामुळे चार महिन्यांचे फोटो बॅकअपमध्ये येतच नव्हते. ते फोल्डर यादीत जोडलं, परत बॅकअप चालवला, आणि मग परत एक फोटो उघडून बघितला.